बिनऔषधाची बरणी

अकोल्याच्या प्रयोगशाळेत एक बाई माझ्या शेजारच्या टेबलावर काम करत. कपाशीवर फवारायचं औषध बरण्यांतल्या पाण्यात थेंबथेंब टाकायचं आणि त्यावर तरंगणारी टिकलीएवढी पानं कशी पिवळी पडतात ते पाहायचं, हे त्यांचं काम. बरणीवर वाकून पानांनाच विचारत, "काहून वं, काय झालं?" चहा गार झाला, तर चहालाही तेच. मला हसू यायचं.

तुलनेसाठी एक बरणी बिनऔषधाची असे. तिच्यात पातूरकडच्या माहेरच्या विहिरीचं पाणी. "आमच्या पाण्यासारखं पाणी नाई कुठं," म्हणत.

एका सकाळी त्याच बरणीतली पानं पिवळी दिसली. त्यांनी पानांना काही विचारलं नाही. माहेरी फोन लावला. "आई, विहिरीचं पाणी पिऊ नोको."

पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला.

"काहून वं?"