तळ्यातला कोपऱ्याचा प्लॉट

“मावशी, तुमी फक्त व्हय म्हणा,” असं म्हणून तो आधी स्वतःच मान हलवायचा. मग समोरच्याचीही हलायची. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

हिंगोलीच्या एका बिल्डरसाठी तो परवानग्या आणायचा. आमच्या गावतळ्याच्या उथळ बाजूला बिल्डरला प्लॉट पाडायचे होते. पाणथळ जागेवर बांधकामाला परवानगी मिळत नाही. म्हणून हे तळं नाही, शेत आहे, असं साहेब लोकांना पटवायचं, हे याचं काम.

हिवाळा सरला की तळं आटत जातं. पाणी मागं सरकेल तसं आम्ही ओल्या गाळात टरबूज, काकडी लावतो. त्याला गाळपेर म्हणतात. माझं पोट त्यावरच आहे. हे माहीत असून, साहेबांपुढं मी ‘व्हय, हे शेतच’ म्हणावं म्हणून तो माझ्याकडंच यायचा. घागर उचलून द्यायचा, तंबाखू द्यायचा.

“तुझं काय अडलंय रे एवढं?” मी एकदा विचारलं.

“परवानगी आली की मालक कोपऱ्याचा प्लॉट मला देणार हायेत. बायको भाड्याच्या खोलीला कंटाळली, मावशी.”

त्यानं चार दगडांना चुना लावला आणि माझ्या काकड्यांत रोवले. पूर्वेच्या दोन दगडांमध्ये उभा राहिला. “हे दार.”

“अन् माझ्या काकड्या?”

“अंगणात लावू की!”

निर्लज्ज मेला. ऊन उतरलं की त्या दगडांच्या आत रुमाल टाकून बसायचा. आत जाताना दारातूनच जायचा.

पाहणीला त्यानं मुद्दाम वैशाख धरला. ती बाजू कोरडी ठणठणीत. सरकारी मॅडम आल्या. यानं माझंच टरबूज कापून पुढं केलं. “बघा मॅडम, काळं रान. पीकच सांगून राहिलं.”

मॅडमनी फोड खाल्ली. चहूकडं पाहिलं.

“आजी, विहीर कुठंय?”

“न्हाई.”

“बोअर?”

“न्हाई.”

“मग एवढं रसाळ टरबूज आलं कशावर?”

“खालच्या ओलीवर.”

“म्हणजे पावसाळ्यात इथं पाणी असतं?”

तो त्यांच्या पाठीमागं उभा राहून जोरजोरात ‘न्हाई, न्हाई’ अशी मान हलवत होता.

“व्हय,” मी म्हटलं.

खोटं मलाही बोलता येतं. पण जिच्या हनुवटीवरून रस ओघळतोय, तिला काय सांगणार?

परवानगी मिळाली नाही. तो एकदाच आला. शिव्या देईल असं वाटलं होतं. “म्हणलात बुवा, बराबर व्हय म्हणलात,” म्हणाला आणि हसला. टरबूज देऊ केलं तर घेतलं नाही. बिल्डरनं त्याला काढून टाकलं. वारंगा फाट्यावर टायरच्या दुकानात असतो, असं ऐकलं. मी बघायला गेले नाही.

पावसाळ्यात दगड बुडतात. पाणी ओसरलं की पुन्हा दिसतात. चुना कधीच गेला. सून म्हणते, काढून टाका, काहून जागा अडवायची? दगड जड आहेत, राहू देत. मी त्यांच्या आतही बी टाकते. पूर्वेला तेवढी दाराची जागा सोडते.