उन्हात वाळवलेला कोळसा
ही गोष्ट सांगायची मी कित्येक वर्षं टाळत आलो. परवा शिरूरच्या आमच्या घरी पाण्याचा फिल्टर बदलायला आलेला माणूस म्हणाला, "आबा, कोळशाच्या अंगावर घाण चिकटून बसती. सगळी जागा भरली की मग त्यो काय धरत न्हाई," आणि मला सणसवाडीचा कारखाना आठवला. तिथं रंगखात्यात मी सुपरवायझर होतो. थिनरचा गोडसर, डोक्यात चढणारा वास दिवसभर असायचा, म्हणून मास्कला कोळशाच्या डब्या लावत. नव्या डब्या मागवायचं काम माझं; पण उन्हानं वास उडतो असं सांगून मी जुन्याच डब्या पत्र्यावर पापडासारख्या वाळत घालायला लावायचो. दौंडकडचा एक गडी एकदा म्हणाला, "मामा, मास्क लावूनबी वास येतुय." मी म्हणालो, "रंगखात्यात थिनरचाच वास यायचा, तुला काय मोगऱ्याचा पायजे व्हय?" सगळे हसले, तोही हसला. दुपारी तो कामावरच कोसळला. त्याच्या तोंडावरचा मास्क मीच काढला. गालांवर पट्ट्यांचे वळ उठले होते. तरी चौकशीत मी सांगितलं, त्यानं मास्क लावलाच नव्हता. त्याची नोकरी गेली. पुढे माफी मागायला मी दौंडला त्याच्या घरी गेलो. पाण्याचा तांब्या आणतानाही त्याला धाप लागत होती. "मामा, आज कसं काय येणं केलं?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "काही नाही, इकडून चाललो होतो."