दादाच्या जीपचा फोर-व्हील गिअर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय – पण एकदम सांगता येईल असं वाटत नाही. आधी जीपबद्दल बोलू द्या.

माझ्या मोठ्या भावाने, दादाने, लिलावातली एक जुनी लष्करी जीप आणली होती. नव्वदीतली गोष्ट, उमेळ्याला तेव्हा आमची केळीची वाडी होती. उघडी जीप, वर ताडपत्री. नेहमीच्या गिअरशेजारी आणखी एक बुटका दांडा – तो ओढला की पुढची चाकंही जोर लावायची. पण त्याआधी खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांवरचे हब लॉक हाताने फिरवावे लागत. नाही फिरवले, तर दांडा ओढून उपयोग शून्य. गिअरबॉक्स दादाने स्वतः खोलून बसवला होता. सातिवलीत गाळा घेऊन अशाच गाड्या दुरुस्त करायच्या, हे त्याचं पक्कं ठरलेलं. जीपखाली आडवा पडून तो शीळ घालत काम करायचा. मला चालवायला त्यानेच शिकवलं – तेव्हा आमच्याकडे मुलींना कोण शिकवत होतं?

एकदा मी कॉलेजच्या मैत्रिणींना घेऊन राजोडीच्या किनाऱ्यावर गेले. "वाळू आली की आधी खाली उतर," दादाने बजावलं होतं. नाही उतरले. का? मैत्रिणी बघत होत्या – मला ऐटीत तसंच पुढे जायचं होतं. नुसता दांडा ओढला. ओल्या वाळूत मागची चाकं रुतली, भरती चढली, इंजिनात पाणी शिरलं. मैत्रिणी मदत आणायला गावात धावल्या.

आणि मग मी – हेच ते – एकटी असताना गुडघाभर पाण्यात वाकले आणि दोन्ही हब लॉक फिरवून ठेवले.

दादा आला. त्याने आधी चाकंच पाहिली. "हब तर लावलेत."

"मी फिरवले होते रे. तुझा फोर-व्हीलच लागला नाही."

तो ओरडला असता तर? नाही ओरडला. माझ्या खांद्यावर टॉवेल टाकत म्हणाला, "तू बरी आहेस ना? माझंच काहीतरी चुकलं असणार."

त्याने गिअरबॉक्स पुन्हा खोलला. एकेक दात तपासला. नसलेला बिघाड शोधत तो कितीतरी संध्याकाळी तिथे बसायचा, आणि मी त्याला चहा नेऊन द्यायचे. चहा! खाऱ्या पाण्याने जीप गंजत गेली, शेवटी भंगारात गेली. "उद्या माझ्या हातून कुणाचा जीव जायचा," म्हणत त्याने गाळ्याचा विषय सोडला आणि कारकुनी धरली. वाडीच्या जागी आता इमारती आहेत. पण मला वाडी तितकी आठवत नाही – त्याची शीळ आठवते. फार आठवते.

परवा दादा माझ्या गाडीत शेजारी बसला होता. इंजिनातून कसलासा आवाज येत होता. त्याने क्षणभर कान दिला. मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "कुणाला तरी दाखवून घे. मला त्यातलं काही कळत नाही."

मी "हो" म्हटलं आणि गाडी चालवत राहिले.