लाल शाईचा लेट मार्क

आम्ही चार जुने कामगार भेटलो की चहा गार होतो, पण किस्से संपत नाहीत. त्यातले निम्मे टाळेबंदीचे! ऐंशीच्या दशकात ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या आमच्या कंपनीला कुलूप लागलं ते अकरा महिने. आम्ही गेटसमोर मांडव घालून बसलो. तेव्हा रडू यायचं, आता सांगताना हसू येतं, काय करणार!

*

आमचे टाइमकीपर पेडणेकर भलतेच कडक. दहा मिनिटांची सूट, अकराव्या मिनिटाला लाल शाईनं लेट मार्क. सख्खा भाऊ असला तरी!

कुलूप लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी हे गृहस्थ वही घेऊन मांडवात हजर.

"फर्स्ट शिफ्ट सात वाजता. हजेरी होणार!"

"अहो, कसली शिफ्ट?"

"बसायची!"

*

सावंतनं तर मांडवातून रजा मिळावी म्हणून अर्ज केला. मेहुणीचं लग्न, दोन दिवस. पेडणेकरांनी चष्मा पुसून अर्ज वाचला आणि एकच दिवस मंजूर केला.

"कंपनी बंद, तरी रजा कट!" सावंत आठवडाभर तणतणत होता. पण लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सातला हजर झाला, लाडू घेऊन.

*

शेजारच्या तळवली गावातल्या ताराबाई आमच्या भोंग्यावर भात उतरवायच्या. एकदा तरातरा मांडवात आल्या. "तुमचा भोंगा बंद झाला आनि माजा भात रोज करपतो हाय!"

आम्ही रुळाचा तुकडा टांगला आणि शिफ्टच्या वेळेला हातोडीनं ठणाणा वाजवायला लागलो. दोन दिवसांनी बाई टोपभर भात आणि कालवण घेऊन आल्या. "आता नाय करपत. खावा!"

*

हसत नव्हता तो एकटा कांबळे. आमचा वेल्डर, बीडकडचा. बारा वर्षांत एकदाही लेट मार्क नाही. आठव्या महिन्यात एक दिवस तो मांडवात आला तो साडेआठला.

"पेडणेकर, काढा लाल पेन!" मी मस्करी केली.

कांबळे म्हणाला, "ज्याची कुणी वाट बघत नाही, तो लेट कसा होईल? उद्या गावी चाललो. कायमचा."

बायको, दोन पोरी, आणि गावी ना जमीन ना काम. जाऊन करणार काय हा?

सकाळी पेडणेकर आणि मी तुर्भ्याला त्याच्या खोलीवर गेलो. पेटी बांधून तयार होती. पेडणेकरांनी वही उघडली.

"जा खुशाल. पण रोज सातला तुमच्या नावापुढं काय लिहू ते सांगा. गैरहजर लिहायला माझा हात धजत नाही."

कांबळेनं पेटी खाटेखाली सरकवली आणि आमच्याबरोबर निघाला.

*

अकरा महिन्यांनी कुलूप निघालं. सातला खराखुरा भोंगा वाजला आणि आम्ही ढकलाढकली करत आत शिरलो. कांबळे मात्र रस्त्यापलीकडं, इस्त्रीचा युनिफॉर्म घालून, घड्याळात बघत उभा.

"अरे, चल की!" मी ओरडलो. ढिम्म हलला नाही.

सात वाजून अकरा मिनिटं झाली तसा रमतगमत हजेरीच्या खिडकीपाशी आला. पेडणेकर चक्रावले.

"कांबळे, साडेसहापासून समोरच उभे होतात ना?"

"होतो साहेब," कांबळे हसत म्हणाला. डोळे भरलेले. "लेट मार्क द्या. लाल शाईनं!"