गुद्रूनबाईंचा चौक

नॉर्वेतल्या बर्गन शहराच्या उत्तरेला आमचं बंदराचं गाव. तिथं गुद्रूनबाई माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. चाळीस वर्षं मासळीच्या कारखान्यात उभ्यानं काम केलं, आणि एकोणऐंशीव्या वर्षी खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून वॉकर.

धाकटी बहीण तोरुन चौकापलीकडच्या वृद्धाश्रमात. रोज चार वाजता बाई तिच्याकडे जायच्या. पण चौकातला हिरवा दिवा त्यांना पुरायचा नाही. अर्ध्यावर पोचतात तोच लाल. शिवाय वळणाऱ्या गाड्यांनाही त्याच वेळी हिरवा. मार्चमध्ये एक ट्रक इतक्या जवळून वळला की वॉकरच्या चाकाला घासून गेला. त्यानंतर बाई गेल्याच नाहीत. फोनवर सांगायच्या, "सर्दी झालीय गं."

तिसऱ्या आठवड्यात तोरुन म्हणाली, "ताई, ही सर्दी नाही. तू घाबरलीयस."

त्याच दिवशी बाईंनी नगरपालिकेला फोन लावला. सिग्नलचं काम बघणारा आयविंद आला. त्यानं घड्याळ लावून हिरवा मोजला.

"नियमाप्रमाणे वेळ बरोबर आहे, बाई."

"नियमाचा खुबा मोडलेला नसतो, बाळा. चल माझ्याबरोबर."

तो निघाला, त्यांच्याच चालीनं. मध्यावर दिवा लाल झाला आणि एक व्हॅन हॉर्न वाजवत अंगावर वळली. आयविंद हात वर करून आडवा उभा राहिला. पलीकडे पोचल्यावर त्याचा चेहरा पांढराफटक.

"रोज असं करत होता तुम्ही?"

"म्हणून तर सोडलं."

त्यानं मान खाली घातली. "दोन आठवडे द्या मला."

दोन आठवड्यांनी त्यानंच दाराची बेल वाजवली. आता चालणाऱ्यांचा दिवा आधी हिरवा होणार होता, गाड्या काही सेकंद थांबणार होत्या, आणि हिरवा जास्त वेळ राहणार होता.

मीही बरोबर गेले. बाईंनी माझं कोपर घट्ट धरलं होतं. मध्यावर आल्यावर त्यांनीच ते सोडलं. व्हॅन, बस, सगळे गप्प उभे. फुटपाथवर चढून त्यांनी मागं वळून पाहिलं.

"अगं, अजून हिरवाच आहे!"

आणि वॉकरवर टेकून त्या हसत राहिल्या. डोळे पुसायचंही सुचलं नाही.

आयविंदनं विचारलं, "आणखी दोन सेकंद वाढवू?"

"नको रे. गाडीवाल्यांचीही घरी कुणी वाट बघत असेल," म्हणाल्या, आणि वृद्धाश्रमाकडे वळल्या.