खिशातला फ्यूज

माझे वडील वायरमन होते. अंबरनाथच्या एका कारखान्यात त्यांनी अठ्ठावीस वर्षं काढली आणि एवढ्या वर्षांत त्यांना एकदाही जबर शॉक लागला नाही. कारण विचारलं की ते सांगत, फ्यूज खिशात. लाइनवर काम करायचं तर आधी फ्यूज उपसायचा आणि बोर्डावर न ठेवता आपल्या शर्टाच्या खिशात टाकायचा, म्हणजे आपण शिडीवर असताना खालून कुणी शहाणा वीज चालू करू शकत नाही. ज्याच्या खिशात फ्यूज, त्यानं "हो" म्हटल्याशिवाय लाइन चालू होत नसे. दुसऱ्याच्या खिशाला हात लावायचा नाही, हा त्यांच्या खात्याचा नियम होता. तो मोडणाऱ्याबरोबर कुणी डबा खात नसे.

घरीही तेच. साधा बल्ब बदलायचा असला तरी बाबा दाराजवळच्या बोर्डातला चिनीमातीचा पांढरा फ्यूज काढून खिशात टाकणार, आणि स्वयंपाकघरातून आई ओरडणार, "अहो, मिक्सर चालू होता!" मला या प्रकाराची लाज वाटायची. कारखाना बंद पडून ते घरी बसले होते. मी हार्डवेअरचा कोर्स करून उल्हासनगरला, कॅम्प तीनमधल्या कॉम्प्युटरच्या एका दुकानात चार महिन्यांपूर्वी लागलो होतो. उथळ पाण्याला खळखळाट फार, तसा मी घरात खळखळत असायचो.

घरात एक जुना कॉम्प्युटर होता, माझ्या धाकट्या बहिणीसाठी घेतलेला. तिच्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट त्यात होता, दोन महिने टाइप केलेला. तेव्हा आमच्याकडे रोज लोडशेडिंग असायचं. एका दुपारी गेलेली वीज झटका देऊन आली आणि कॉम्प्युटर मेला. मी पाहिलं, एसएमपीएस जळाला होता. म्हणजे पेटीच्या मागच्या बाजूला बसवलेला, विजेचं काम बघणारा डबा. बाकी सगळं शाबूत होतं. बहिणीला म्हटलं, "रडतेस काय? रविवारी बसवतो नवीन. दहा मिनिटांचं काम."

रविवारी मी दुकानातून आणलेला डबा टेबलावर ठेवला आणि जुन्याचे स्क्रू काढायला लागलो. बहीण शेजारी मैत्रिणीकडे गेली होती, आई बाजारात. बाबा आले, दाराकडे गेले, फ्यूज काढून खिशात टाकला.

"वायर काढलीय ना मी. फ्यूज कशाला?" मी म्हटलं.

"असू दे. सवय आहे."

मग ते नव्या डब्यावर वाकले, चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले. मी तो उचलून पेटीत बसवला, स्क्रू आवळले, वायरी जोडल्या, पेटी भिंतीकडे सरकवली आणि म्हटलं, "द्या फ्यूज."

"त्याच्या मागं लाल खटका आहे बघ," बाबा म्हणाले. "टेबलावर होता तेव्हा त्यात एकशे पंधरा दिसत होतं. आपल्याकडं दोनशे तीस व्होल्ट येतं."

ते बरोबर बोलत होते. दुकानात पहिल्याच दिवशी शेठनं मला बजावलं होतं, लाल खटका आधी बघायचा, त्यात चूक करणाऱ्यानं दुसऱ्या दिवशी यायचं नाही. आणि मी विसरलो होतो. नुसतं पेटी वळवून बघायचं होतं. पण बाबांनी दाखवलं म्हणून त्यांच्यासमोर वाकून बघणं माझ्या जिवावर आलं.

"बघितलाय मी मघाशीच," मी खोटं बोललो.

"मग मी पण एकदा बघतो. तोवर फ्यूज राहू दे."

"बाबा, तुम्ही पंखे आणि मोटारी दुरुस्त केल्यात. यातलं तुम्हाला काही कळत नाही, उगाच मध्ये पडू नका." एवढं बोलून मी थांबलो नाही. मी त्यांच्या खिशात हात घातला आणि फ्यूज काढून घेतला. त्यांनी हात धरला नाही.

फ्यूज लावला, वायर लावली, बटण दाबलं. फटाक्यासारखा आवाज झाला. पेटीच्या मागून ठिणगी उडाली आणि खोलीभर जळका वास पसरला. त्या स्वस्तातल्या डब्यानं जाताना मदरबोर्ड नेला आणि हार्डडिस्कही नेली.

बहीण धावत आली. तिनं पेटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "बाबांनी हात घातला मध्येच."

चोराच्या उलट्या बोंबा. बहीण बाबांवर तुटून पडली. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला? सगळीकडे तुमचं वायरमनपण कशाला? माझं वर्ष गेलं!" बाबा माझ्याकडे बघत होते. मी खाली बघून स्क्रू गोळा करायला लागलो.

"चुकलं गं," ते म्हणाले.

एवढ्यावर भागलं असतं. पण डबा दुकानातून उधार आणलेला, शेठ विचारणारच होता. सोमवारी सकाळी मी बाबांना म्हटलं, "दुकानात चला." कशाला ते मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. इस्त्रीचा शर्ट घालून ते निघाले. शेअर रिक्षात जळका डबा त्यांच्याच मांडीवर होता.

शेठनं डबा उलटा केला आणि खटका बघून माझ्यावर डोळे वटारले. मी लगेच म्हटलं, "मैंने नहीं सेठ, पिताजी ने लगाया. वायरमन थे."

"अरे चाचा!" शेठ गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असा हसला. "ये लाल बटन नहीं देखा? इतने साल फॅक्टरी में क्या किया, अगरबत्ती लगाई?"

सगळे हसले. मीही हसलो. कुणी जबरदस्ती केली नव्हती, माझं मीच हसलो.

"दिखा नहीं सेठ," बाबा म्हणाले. "चश्मा नहीं था."

चष्मा त्यांच्या खिशात होता, अर्धा बाहेर दिसत होता.

माझी नोकरी राहिली. बहिणीनं प्रोजेक्ट पुन्हा टाइप केला, पण बाबांशी ती बरेच दिवस तुटक बोलायची. मी खरं सांगितलं नाही. सांगू सांगू म्हणत राहिलो आणि मग फार उशीर झाला असं स्वतःला पटवलं. बाबांनी त्यानंतर घरातल्या एकाही बटणाच्या वाटेला जायचं सोडलं. इस्त्री बिघडली तर आई बाहेरून माणूस बोलवायची आणि बाबा त्या माणसाला पाणी आणून द्यायचे.

काही महिन्यांनी हॉलमधली ट्यूब गेली. मी स्टुलावर चढण्याआधी फ्यूज काढला आणि तो घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो. माफी मागायची एवढीच रीत मला सुचली. "बाबा, हा तुमच्या खिशात ठेवा. तुम्ही हो म्हटल्यावर लावतो."

त्यांनी पेपरातून मान वर केली.

"तुझ्याच खिशात ठेव," ते म्हणाले. "माझ्या खिशात कुणीही हात घालतं."