वायव्येकडे तोंड करून ठेवलेला रेडिओ

बेंगळुरूतल्या घरमालकांविरुद्ध मी आजवर जेवढी पत्रकं लिहिली, त्यातल्या एकातही घरमालकांबद्दल चांगला शब्द नाही, आणि तो घालायची माझी आजही तयारी नाही. पण जे. पी. नगरातले आमचे घरमालक, ज्यांच्या माडीवरच्या खोलीत मी राहते, त्यांच्याबद्दल एक गोष्ट मी सही करून लिहून द्यायला तयार आहे. जिथे जो तो कानात बोंडं खुपसून फिरतो आणि समोरच्याचं अर्धं वाक्य ऐकून आपलं पूर्ण वाक्य सुरू करतो, अशा या शहरात ऐकणारा म्हणून हा एकच माणूस उरलेला आहे.

खोली बघायला गेले ती भांडायच्या तयारीनंच. मटण-मच्छी करणार का, मित्रमैत्रिणी येणार का, लग्न कधी, या प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, आणि ते सौम्य नव्हतं. अण्णांनी यातलं काहीच विचारलं नाही. (गल्लीतले कानडी लोक त्यांना अण्णा म्हणतात, म्हणून मराठी भाडेकरूही म्हणतात.) ते म्हणाले, "वाय-फाय भाड्यात धरलंय. फक्त गुरुवारी सकाळी अकरा ते साडेअकरा कुणी वापरायचं नाही. चालेल?" मी विचारलं, का? तर म्हणाले, "आमच्या रेडिओला लागतं." झालं! इंटरनेट हा आज नागरिकाचा हक्क आहे, तो कुणाच्या लहरीवर चालू-बंद होऊ शकत नाही, घरमालक म्हणजे संस्थानिक नव्हे, असं मी उभ्याउभ्याच सुनावलं. अण्णा मान हलवत ऐकत राहिले. मी दम घ्यायला थांबले तरी ते बोलले नाहीत; माझं आणखी काही बाकी असेल म्हणून वाट बघत बसले. मग "हं" म्हणाले आणि पुढे, "सरी, ठीक. गुरुवारचा अर्धा तास सोडून बाकी सगळा हक्क तुझा." माझं भाषण शेवटपर्यंत ऐकणारा माणूस मला तोवर भेटलाच नव्हता. त्या धक्क्यात मी खोली घेतली. तेव्हापासून माझं नाव 'चळवळ' पडलं. "काय चळवळ, आज कुणाचा निषेध?" हा त्यांचा सकाळचा नमस्कार.

तो रेडिओ म्हणजे चपलांच्या खोक्याएवढी एक लाकडी पेटी. पुढे लहानसा पडदा, बाजूला फिरवायचं एक बटण. एरियल नाही, सेल नाहीत. घरातल्या वाय-फायवर चालतो आणि जगातलं कुठलंही केंद्र लावतो. अण्णा निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या मुलीनं तो आणून दिला, आणि त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, जुन्या इरकलीच्या काठाचं त्याला झाकण शिवलं. अण्णांची अख्खी नोकरी सरकारी कारखान्यात रडारवर गेलेली, म्हणजे लहरी कुठून कशा येतात हे त्यांना कुणी शिकवायला नको. तरीही रोज सकाळी रेडिओ पुसून झाला की ते त्याचं तोंड जरासं फिरवून वायव्येकडे करतात. एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, "अण्णा, वाय-फायला दिशा नसते." ते म्हणाले, "वाय-फायला नसेल. मला आहे." वायव्येला मिरज, आणि मिरजेच्या अलीकडे त्यांचं गाव.

जगातली केंद्रं ऐकायची तर त्यातलं संगीत तरी ऐकावं. अण्णा ऐकतात बोलणं. कुठल्याशा थंड बेटावरचा कोळ्यांसाठीचा हवामानाचा इशारा, कुठल्याशा परक्या शहरातली वाहतुकीची खबर. "आज बोगद्यात ट्रक उलटलाय, लोकांचे फार हाल आहेत," असं ते कळवळून सांगतात, तेव्हा काकू बन्नेरघट्टा रोडवर तास-दीड तास बसमध्ये उकडून नुकत्याच दारात चपला काढत असतात. "आणि आमचे हाल कुठल्या केंद्रावर लागतात हो?" असं काकू विचारतात. अण्णा त्यांनाही "हं" म्हणतात. हा "हं" त्यांचा शिष्टाचार आहे. बोलणारा माणूस दहा हजार मैलांवर असो, त्याचं वाक्य संपलं की अण्णा हुंकार भरतात. कुणी बोलत असताना रेडिओ बंद करणं म्हणजे त्यांच्या मते त्याच्या तोंडावर दार आपटणं. त्यामुळे जेवायला हाक मारली की "स्वल्प थांब, त्याचं वाक्य होऊ दे" असं उत्तर येतं, आणि काही देशांतली वाक्यं इतकी लांब असतात की आमटी दोनदा गरम करावी लागते.

क्रिकेटची तर वेगळीच तऱ्हा. इंटरनेटवरून येणारा आवाज अर्धा-पाऊण मिनिट उशिरा पोचतो. समोरच्या घरातले आजोबा टीव्हीवर सामना बघतात, त्यामुळे अण्णांच्या रेडिओवर गोलंदाज धावायला लागायच्या आत समोरून "औट!" अशी आरोळी यायची. अण्णांनी गॅलरीतून हात जोडून विनंती केली, "विकेट गेली की स्वल्प थांबून ओरडा, सार." आणि बेंगळुरू हे असं शहर आहे की ते आजोबा ऐकतात. विकेट गेली की ते स्वतःच्या तोंडावर हात दाबून आमच्या खिडकीकडे बघत बसतात. आमच्याकडून "अरेरे" ऐकू आलं की मग मोकळे होतात.

तर गुरुवार. गुरुवारी अकराला अण्णा स्वच्छ सदरा घालून रेडिओसमोर बसतात. गावच्या कॉलेजनं एक छोटं केंद्र चालवलंय, आसपासच्या चार गावांपुरतं, पण इंटरनेटवरही लागतं. त्यावर त्या वेळी एक म्हातारी बाई बोलतात. लोणच्याला बुरशी का येते, पूर्वी तालुक्याचा बाजार कसा भरायचा, नदीचं पाणी वाढलं की कुठली भांडी आधी माळ्यावर चढवायची, असलं काहीही. त्या अण्णांच्या थोरल्या बहीण, अक्का. त्यांचे कान पार गेलेत. यंत्र लावलं की डोकं भणभणतं म्हणून ते पेटीत पडून असतं. फोनचा उपयोग नाही, मेसेज पाठवला तर उत्तर येतं "बरं." पण माइकसमोर बसवलं की अर्धा तास धबधबा. तो कार्यक्रम केंद्र पुन्हा लावत नाही, जपूनही ठेवत नाही. एकदा हुकला की हुकला.

आणि एकदा हुकलाच. मी राहायला यायच्या आधीची गोष्ट. तळमजल्यावर नागपूरचा एक मुलगा राहतो, एचएसआर लेआउटमधल्या कंपनीचं काम घरूनच करतो. त्यानं गुरुवारी नेमक्या त्या वेळी कसलीतरी जंगी फाइल वर चढवायला घेतली. अक्का सांगत होत्या, "आणि त्या दिवशी आमच्या धाकट्यानं काय केलं..." आणि आवाज अडकला. पडद्यावर चकती फिरत राहिली. आवाज परत आला तेव्हा अक्का लिंबाच्या लोणच्यावर पोचल्या होत्या. धाकटा म्हणजे अण्णा. त्यांनी मेसेज करून विचारलं, अक्का, मी काय केलं होतं? उत्तर आलं, "कधी?" तेव्हापासून गुरुवारचा नियम निघाला, आणि तेव्हापासून अण्णा दर गुरुवारी ते वाक्य पुन्हा येईल म्हणून कान लावून बसतात. हे मला काकूंनी सांगितलं. त्यानंतर मी हक्काची भाषा बंद केली, आणि अकरा वाजले की माझा लॅपटॉप मिटू लागला.

मग एक दिवस त्या पडद्यावर सूचना झळकली. रेडिओ बनवणारी कंपनी आपली सेवा थांबवत आहे, आजवरच्या सोबतीबद्दल आभार. केंद्रं चालूच राहणार होती, पण ती शोधून देणारी यादी कंपनीची. यादी गेली की रेडिओ म्हणजे नुसती पेटी. मी पेटून उठले. पैसे मोजून घेतलेली, धडधाकट चालणारी वस्तू, आणि कुठल्या तरी परक्या देशात बसून कुणीतरी तिचा गळा दाबतं! हा दुरुस्तीचा प्रश्न नाही, मालकीचा प्रश्न आहे. दुपारपर्यंत माझं पत्रक तयार होतं: 'विकलंत, म्हणजे ते आमचं झालं! आमच्या घरातला आवाज बंद करणारे तुम्ही कोण?' कंपनीला मेल गेले. उत्तरादाखल एका यंत्रानं माझी नाराजी आपल्यासाठी मोलाची असल्याचं कळवलं. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं पत्रक नीट वाचलं, "करेक्ट, करेक्ट" म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी त्यात मला कोथिंबीर बांधून दिली.

आता सही हवी होती ती खऱ्या पीडिताची. अण्णांनी पत्रक ऐकलं (मी मोठ्यानं वाचलं, ते वाक्यावाक्याला "हं" म्हणाले) आणि परत दिलं. "खरं आहे तुझं. पण सहीला नको. बंद होईपर्यंत मला ऐकू दे."

"मग फोनवर तरी ऐका! तेच केंद्र फोनवर लागतं."

"फोनवर अक्का बोलत असते आणि मध्येच एक बाई कर्ज हवंय का विचारते. अक्काच्या बोलण्यात कुणी बोललेलं मला चालत नाही."

मी भयंकर चिडले होते. कंपनीवरचा राग कुणावर तरी निघायलाच हवा होता. म्हटलं, "मग गावी जाऊन का नाही ऐकत? रात्रीच्या गाडीत बसलात की सकाळी तिथे. एवढा जीव आहे बहिणीवर, तर किती वर्षांत गेला नाहीत?"

काकूंनी मला डोळ्यांनी दटावलं. अण्णा हळू म्हणाले, "गेलो होतो गं. समोर बसलो की मी काहीतरी बोलतो. तिला ऐकू येत नाही. ती 'काय?' म्हणते, मी ओरडतो, शेजारी बघायला लागतात, तिचा चेहरा पडतो. मग ती बोलायचीच थांबते. मी बोललो की ती बहिरी होते. रेडिओवर ती बहिरी नसते."

जे तोंडात आलं ते बोलून गेले: "मग बोलू नका ना, अण्णा. इथे तरी तुम्ही कुठे बोलता?"

त्यांनी माझं वाक्य संपल्याची खात्री केली. मग "हं" म्हणाले.

शेवटचा गुरुवार आला तेव्हा दारोदार जाऊन वाय-फाय बंद करायला लावणारी मीच होते. नागपूरच्या मुलानं तर आधीच ऑफिसात रजा टाकली होती. आम्ही सगळे जिन्यात बसून ऐकलं. अक्का त्या दिवशी पापडाच्या लाट्यांवर बोलल्या. धाकट्याचं नाव निघालं नाही. "बरं, येते," असं म्हणून त्यांनी संपवलं, आणि अण्णा रेडिओला म्हणाले, "ये." त्या आठवड्यातच पडद्यावर 'सेवा उपलब्ध नाही' असं आलं. अण्णांनी नेहमीसारखी पेटी पुसली, तोंड वायव्येकडे केलं, झाकण घातलं, आणि काकूंना म्हणाले, "बॅग कुठेय?"

पुढच्या गुरुवारी अकराला काकू, नागपूरकर आणि मी त्या मुक्या रेडिओपुढे माझा फोन उभा करून बसलो. बाकी सगळ्यांची यंत्रं बंद; नियम आता आमचा होता. अक्का सुरू झाल्या, आणि त्यांचं पहिलं वाक्य संपताच मागून, माइकपासून लांबून, एक बारीक "हं" आला. काकूंनी कपाळावर हात मारला. "बघ! तिथेही तेच." पण पदर डोळ्यांना लागला होता. तो "हं" अक्कांना ऐकू येणार नव्हता. मान हलताना मात्र दिसत असणार, कारण त्या मध्येच हसून म्हणाल्या, "आज आमचा धाकटा समोर बसलाय. मुकाट बसलाय. माणूस असं ऐकत बसलं की बोलायला हुरूप येतो. तर लहानपणी एकदा या धाकट्यानं काय केलं..."

आणि माझ्या फोनवर चकती फिरू लागली.

नागपूरकर घाबरून म्हणाला, "माझं सगळं बंद आहे, शप्पथ!" काकूंनी त्याला हातानं गप्प केलं. आम्ही तिघं त्या चकतीकडे बघत राहिलो. अण्णांनी तिथे काय ऐकलं, ते आम्हाला अजून ठाऊक नाही. ते परतलेले नाहीत. कंपनीतल्या माणसाचं उत्तरही आलेलं नाही, आणि मी तिला सोडलेलं नाही. चकती थांबली तेव्हा गोष्ट होऊन गेली होती. अक्का गप्प होत्या, केंद्रावर कुणीच बोलत नव्हतं, आणि त्या शांततेत, अर्धा-पाऊण मिनिट उशिरा आमच्यापर्यंत पोचलेला, एक लांबलचक "हं" तेवढा ऐकू आला.